दोन तिकिटांमधली वाट

सह्याद्रीतल्या घाटवाटा आल्या वाटेने परतण्यासाठी झालेल्या नाहीत. कोकणच्या बंदरात उतरलेला माल देशावरच्या पेठेत चढवावा आणि देशावरचे धान्य व कापड खाली गलबतांपर्यंत पोचवावे, ह्या नित्याच्या व्यवहारातून त्या पडल्या. आणि म्हणून पायथ्याशी किंवा माथ्याशी आपली मोटार उभी करून, घटका दोन घटका वारा खाऊन पुन्हा त्याच मोटारीपाशी येणाऱ्या मनुष्यास घाट दिसतो खरा, परंतु घाट ओलांडल्यावर पाठीमागे एक मुलूख मिटतो आणि पुढे दुसरा उघडतो, हवा पालटते, घरांची ठेवण पालटते, बोलीचा हेल पालटतो, हा जो ओलांडण्याचा आनंद आहे, तो त्याच्या वाट्यास येत नाही. ज्याला तो आनंद हवा असेल त्याने राज्य परिवहनाच्या साध्या गाडीचा आश्रय करावा, असे माझे पुष्कळ भटकंतीनंतर बनलेले निश्चित मत आहे. एस.टी. आपणांस एका मुलखात सोडते आणि दुसऱ्या मुलखातून उचलते; मधला डोंगर तेवढा आपल्या पायांवर सोपवते.

ह्या प्रकारच्या प्रवासाचा उत्तम नमुना म्हणून मी नाणेघाटाचे नाव घेईन. सातवाहनांच्या काळी, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सोपारा आणि कल्याण ह्या बंदरांतून निघालेले व्यापारी तांडे ह्याच घाटाने जुन्नरास चढत आणि तेथून प्रतिष्ठानाकडे, म्हणजे आजच्या पैठणाकडे, मार्गस्थ होत. आज कल्याणच्या बसस्थानकावर सकाळी गाडीत बसलेला मनुष्य मुरबाड आणि टोकावडे मागे टाकून, वैशाखरे ओलांडल्यावर घाटाच्या पायथ्याशी उतरू शकतो, दोन-तीन तासांत माथा गाठू शकतो, आणि घाटघरहून दुसरी गाडी धरून दिवेलागणीच्या सुमारास जुन्नरात दाखल होऊ शकतो; म्हणजे कल्याणहून जुन्नरास जाण्याचा जो प्राचीन क्रम, तो लादलेले बैल वजा करता आजही जसाच्या तसा पाळता येतो. ही सोय लहानसहान नव्हे. पुरातन राजमार्गांपैकी किती मार्गांचे एक टोक आणि दुसरे टोक अशी सरकारी तिकिटांनी जोडलेली असतील?

मी ज्या वेळचे सांगतो आहे ती कार्तिकातली एक सकाळ होती. पाऊस सरून गेला होता, उन्हाला अजून धार आलेली नव्हती, आणि डोंगरात हिंडण्यास ह्याहून योग्य काळ वर्षात दुसरा नसतो. कल्याणचे स्थानक रेल्वेला लागूनच असल्यामुळे तेथे शहर आणि खेडे एकमेकांस ओलांडून जात असतात: लोकलने उतरलेले कारकून एका बाजूने शहरात शिरत असतात, आणि त्याच वेळी पहाटे भाजी विकून मोकळ्या झालेल्या पाट्या एकात एक घालून बायका मुरबाडच्या गाडीकडे वळत असतात. माळशेजमार्गे आळेफाट्याकडे जाणाऱ्या गाडीत मला खिडकीजवळ जागा मिळाली. वाहकाने तिकीट विचारले तेव्हा मी नाणेघाट म्हटले.

"माघारी कधी येणार?" त्याने यंत्रावर बोट टेकवून विचारले.

"माघारी नाही. वर चढून घाटघरहून जुन्नर गाठणार."

"अहो, मग ही गाडी माळशेजवरून वर देशावरच जाते की. बसून राहा!" असे म्हणून तो हसला, पण तिकीट फाडून हाती देताना त्याचा स्वर एकदम जबाबदारीचा झाला. "पाणी घेतलंय ना साहेब? आणि घाटघरची गाडी चुकवू नका. मागं दुसरी नाही."

हा उपदेश त्याच्या कर्तव्याच्या यादीत कोठेही लिहिलेला नव्हता. मुंबई राज्याची सरकारी वाहतूक १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावरच्या पहिल्या गाडीने सुरू झाली, आणि पुढे महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६१ साली तिला आजच्या महामंडळाचे रूप आले. एवढ्या कालावधीत गाड्या बदलल्या, तिकिटांची ती पत्र्याची पेटी आणि खटखट वाजणारा चिमटा जाऊन हातातले यंत्र आले, सहा किलोमीटरांच्या टप्प्याचे भाडे कित्येक वेळा वाढले; परंतु फाट्यावर उतरणाऱ्या अनोळखी मनुष्याची चौकशी करण्याचा शिरस्ता मी बहुतेक ठिकाणी शाबूत पाहिला आहे. डोंगरात एकट्याने जाणाऱ्यास ह्या चौकशीचे मोल फार असते. आपण कोठे उतरलो हे जगात निदान एका माणसास ठाऊक आहे, एवढ्यानेही पाऊल निःशंक पडते.

मुरबाड सुटल्यावर दोन्ही अंगांना भाताची खाचरे लागली. कोठे कापणी चाललेली, कोठे कापलेल्या भाताच्या पेंढ्या बांधावर पसरलेल्या, आणि कोठे खळ्याच्या कडेला उडवी रचून झालेली. टोकावड्याच्या पुढे समोरचे क्षितिज हळूहळू उंचावू लागते, आणि आजवर निळसर ढगासारखी भासलेली रेषा हा काळ्या कातळाचा सलग तट आहे, हे एका वळणावर अकस्मात ध्यानी येते. घंटीची दोरी ओढली गेली, गाडी थांबली, मी उतरलो, पुन्हा दोन टोले पडले, आणि गाडी माळशेजच्या दिशेने निघून गेली. ती त्याच तटावर डांबरी वळणांनी चढणार होती. मला त्याहून जुनी वाट धरायची होती.

पायथ्याची वाट आरंभी सौम्य आहे. एक ओढा ओलांडावा लागतो, मग साग आणि ऐन ह्यांच्या विरळ रानातून ती चढू लागते, आणि कारवीच्या दाट जाळीत शिरल्यावर आकाश दिसेनासे होते. ह्या टापूत वाट चुकण्याचे भय फारसे नाही, कारण शतकानुशतकांच्या रहदारीने तिला जी रुंदी आणि जी खोली आली आहे ती पायवाटेची नव्हे. ठिकठिकाणी मूळचे फरसबंद दगड टिकून आहेत. अशाच एका पायरीपाशी मी बराच वेळ बसलो. हातभर लांबीचा, काळ्या बसाल्टाचा तो दगड कडांना अजून खडबडीत होता. मध्यभागी मात्र त्याला एक उथळ, गुळगुळीत खळगा पडला होता आणि त्यात रात्रीच्या दवाचे पाणी साचून त्यावर कारवीचे एक पिकले पान तरंगत होते. तळहात फिरवला तर खळग्याचा उतार खालच्या बाजूस अधिक झिजलेला जाणवत होता. चढणाऱ्यापेक्षा उतरणाऱ्याचे पाऊल दगडावर अधिक जोराने पडते, ह्याचा तो पुरावा असावा असे मला वाटले. बैलाचा खूर, हमालाची टाच, भिक्षूचे अनवाणी पाऊल, ह्या सर्वांनी मिळून तो खळगा केला, आणि त्यांपैकी एकाचेही नाव कोठे नोंदलेले नाही.

नावे नोंदली गेली ती वर, लेण्यात. माथा जवळ येतो तशी वाट दोन कड्यांच्या मधल्या अरुंद घळीत शिरते. डाव्या-उजव्या कातळात पाण्याची टाकी खोदलेली दिसू लागतात, आणि खिंडीच्या जरा खाली एक प्रशस्त चौकोनी दालन लागते. बाहेरून पाहणाऱ्यास ते धर्मशाळेसारखे दिसेल, आणि वाटसरूंनी त्याचा तसा उपयोग केलाही असेल. पण आत शिरून डोळे अंधारास सरावले की डाव्या आणि उजव्या भिंतींवर ओळींमागून ओळी उमटू लागतात. हा सातवाहन राणी नागनिकेचा लेख: लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, काळ अभ्यासकांच्या सर्वसाधारण मताने इसवी सनापूर्वीचे पहिले शतक. आरंभी धर्म आणि इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र आणि सूर्य, तसेच चार लोकपाल ह्यांना वंदन आहे; पुढे अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची नामावळी आहे, आणि प्रत्येक यज्ञात दिलेल्या दक्षिणेचा हिशेब आहे. गाई किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण किती, हे सारे आकड्यांनिशी लिहिले आहे. आणि हे आकडे भारतात कोरीव लेखांत आढळणाऱ्या सर्वांत जुन्या अंकांपैकी असल्यामुळे गणिताच्या इतिहासकारांनाही ह्या भिंतीपाशी यावे लागते.

मला त्या लेखाविषयी आदर वाटतो तो आणखी एका कारणाने. एका राणीने आपल्या कुळाच्या धर्मकृत्यांची दप्तरनोंद राजवाड्यात किंवा देवालयात न करता, जेथून रोज शेकडो अनोळखी लोक जात-येत असतील अशा घाटाच्या तोंडावर केली. वाचणाऱ्यांत वाणी असतील, तांड्यांचे नायक असतील, कदाचित समुद्रापलीकडचे यवनही असतील. राज्य कोणाचे आहे आणि ते किती समृद्ध आहे, हे त्यांना मुलखात पाऊल टाकण्यापूर्वीच कळावे, असा त्यात हेतू दिसतो. समोरच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी आणि घराण्यातील इतर व्यक्ती ह्यांच्या मूर्ती होत्या. वर कोरलेल्या नावांवरून त्या ओळखता येतात. मूर्ती मात्र आता नाहीत. काही ठिकाणी पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. मी त्या दगडी पावलांपुढे उभा होतो तेव्हा बाहेरून एक गुराखी मुलगा आला, टाक्यातल्या पाण्याने त्याने तोंड धुतले, आणि कोणाच्याही नावाची विचारपूस न करता लेण्याच्या गारव्यात आडवा झाला.

घळीतून वर येताच दिसते ते देशाचे पठार, आणि वाऱ्याचा झोत इतका जोरदार की क्षणभर पाय रोवून उभे राहावे लागते. माथ्याशी दगडात घडविलेला एक भला मोठा रांजण आहे. घाटातून जाणाऱ्या मालाची जकात ह्यात पडत असे, असे परंपरा सांगते. शेजारीच नानाचा अंगठा म्हणून ओळखला जाणारा कडा कोकणावर झुकलेला आहे. त्याच्या टोकाशी (अर्थातच बेतबाताने) जाऊन खाली पाहिले म्हणजे सकाळी गाडीने पार केलेला सगळा रस्ता एका दृष्टिक्षेपात येतो: खाचरांचे पिवळे तुकडे, वैशाखऱ्याची कौले, गोरखगड-मच्छिंद्रगडाची जोडी. येथून पश्चिमेकडे वाहणारे पाणी अरबी समुद्रास मिळते. आणि पाठीमागे पूर्वेकडच्या उतारावर पडलेला पाऊस कुकडीतून घोडात, घोडातून भीमेत आणि भीमेतून कृष्णेत जाऊन अखेर बंगालच्या उपसागरास मिळतो. दोन समुद्रांचा हा सरहद्दीचा बांध पाऊलभर रुंद आहे.

पावसाळ्यात जुन्नरकडून डांबरी रस्त्याने येथे मोटारींची मोठी दाटी होते, कारण वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा पाहण्याचे कौतुक अलीकडे फार वाढले आहे. दृश्य सुंदर आहे ह्यात शंका नाही. परंतु त्या गर्दीतले किती लोक शे-दोनशे पावले खाली उतरून लेण्यातला लेख पाहतात, असा प्रश्न मनात आल्याखेरीज राहात नाही. आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या जुन्या टाक्यांत तरंगताना पाहिल्या की संताप येतो. ज्या काळात पाणी खोदून काढणे हे पुण्यकर्म होते त्या काळातील ही टाकी आहेत; ती घाण करणाऱ्यास कसलीच सबब असू शकत नाही.

माथ्यावरून घाटघरपर्यंतची चाल सपाटीची आहे. उजव्या हातास जीवधनचा किल्ला सतत सोबत करतो आणि त्याच्या कड्यापासून सुटून उभा राहिलेला वानरलिंगीचा सुळका पावलोपावली आपला आकार बदलतो. निजामशाहीच्या अखेरच्या दिवसांत शहाजीराजांनी ज्या बालवारसास पेमगिरीवर नेऊन तख्तावर बसविले, तो मुर्तजा ह्याच जीवधनवर कैदेत होता; आणि १८१८ साली मराठी राज्य गेल्यावर इंग्रजांनी ह्या गडाच्या पायऱ्या सुरुंगांनी उडविल्या. ज्याला घाटघरात मुक्काम करता येईल त्याने दुसरे दिवशी हा गड अवश्य पाहावा. पण एका दिवसात घाट आणि गड दोन्ही उरकण्याचा हव्यास धरू नये.

घाटघरच्या थांब्यावर एक वृद्ध गृहस्थ आधीच येऊन बसले होते. डोक्याला मुंडासे, शेजारी तांदळाचे गाठोडे, आणि जुन्नरला मुलीकडे निघालेले. हा मुलूख महादेव कोळ्यांचा. पावसाळ्यात भात, आणि उन्हाळ्यात रानातला हिरडा, हे येथले दोन आधार.

"पाव्हणं, गाडीनं आलं नाही वाटतं?" त्यांनी विचारले.

"नाही बाबा, खालून घाट चढून आलो."

"मंजी आमच्या वाटनं आलं," ते समाधानाने म्हणाले. "माझा बा तांदूळ घेऊन मुरबाडच्या बाजाराला ह्याच घाटानं उतरायचा. आता आमाला गाडी हाय. हाय म्हंजी, हाय तंवर हाय."

ते शेवटचे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. एस.टी.च्या कारभारात भारमान नावाची एक गोष्ट असते: गाडीत जागा किती आणि त्यांपैकी भरल्या किती ह्याचा तो हिशेब. भारमान घसरले की आडगावची फेरी तोट्यात निघते, आणि तोट्यातली फेरी आज नाही उद्या वेळापत्रकातून गळते. २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन पुढील वर्षीच्या एप्रिलपर्यंत चाललेल्या संपात डोंगराकडच्या खेड्यांनी गाडीवाचूनचे महिने सोसले आहेत. शाळा, दवाखाना आणि बाजार ह्या तिन्ही गोष्टी त्यांच्यापासून एकाच वेळी दूर गेल्या होत्या. आपण शहरातले भटके ह्या खेड्यांत पाहुणे म्हणून जातो, त्यांच्या विहिरीचे पाणी पितो, त्यांच्या ओटीवर पथारी पसरतो. आणि येतो मात्र आपापल्या मोटारीने, त्यांच्या गाडीतली जागा रिकामी ठेवून. हे मला न्यायाचे वाटत नाही.

गाडी आली ती धुळीने माखलेली. परतीच्या फेरीस माणसे थोडी होती, पण पुढच्या प्रत्येक थांब्यावर ती भरत गेली: हिरव्या गवताचा भारा घेऊन एक बाई चढली आणि वाहकाने तो स्वतः मागच्या बाजूस सरकवून दिला, चावंडच्या पायथ्याशी दप्तरे पाठीला लावलेल्या मुली चढल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आमच्या बाबांना तिकीट नव्हते आणि बायकांना अर्धे होते, ह्या दोन सवलती अनुक्रमे २०२२ आणि २०२३ साली आल्यापासून म्हातारी माणसे आणि बाया तालुक्याला मोकळेपणाने जाऊ लागली आहेत, असे वाहकाने आपण होऊन सांगितले. माणिकडोहच्या जलाशयावर उतरते ऊन पसरले होते. आपटाळे गेले, आणि काही वेळाने शिवनेरीचा तो ओळखीचा माथा समोर आला. लेण्याद्रीसह जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत, आणि ती खोदविणाऱ्या दात्यांची संपत्ती ज्या वाटेने आली ती वाट मी दिवसभर पायांखाली घातली होती, ह्या जाणिवेने त्या गावात उतरताना मला जे भरल्यासारखे वाटले, ते पुण्याहून थेट गाडीने येऊन मला पूर्वी कधी वाटले नव्हते.

असे दोन तिकिटांमधले मार्ग सह्याद्रीत आणखी पुष्कळ आहेत. कर्जतहून खांडसला जाऊन गणपती घाटाने भीमाशंकर चढावे आणि मंदिराचे दर्शन घेऊन मंचरमार्गे पुण्याच्या गाडीत बसावे; वाट लांबलचक आहे, परंतु गर्द रानातली. शिडीच्या घाटाने तीच चढण लवकर होते, मात्र तो मार्ग नवख्याने एकट्याने धरू नये. आळेफाट्याच्या रस्त्यावर खुबी फाट्यास उतरून खिरेश्वर, तोलारखिंड आणि हरिश्चंद्रगड असा चढ करून पलीकडे पाचनईस उतरले की राजूरच्या बाजूची गाडी मिळते; येथे गडावर एक रात्र काढणे हेच उचित. राजगडाहून डोंगरधारेने तोरण्यास येऊन वेल्ह्यात उतरणे ही तर पुणेकरांची जुनी आवडती वाट, आणि वेल्ह्याहून स्वारगेटची गाडी आहेच. ह्यांतील प्रत्येक मार्गावर गाडीची वेळ ही एक मर्यादा होऊन बसते, आणि ती मर्यादा हितकारक असते असे माझे म्हणणे आहे: किती वाजता निघावे, कोठे किती रेंगाळावे आणि अंधारापूर्वी गावात कसे पोचावे, हे ती मुकाट्याने शिकविते.

म्हणून वाचकांना माझी आग्रहाची विनंती आहे की वर्षातून निदान एक घाट तरी त्यांनी अशा रीतीने ओलांडावा, आणि परतीच्या गाडीत बसताना आडगावापासून तालुक्यापर्यंतचे पूर्ण तिकीट काढावे, कारण त्या फेरीच्या भारमानात ते मोजले जाते. नाणेघाटास निघणाऱ्याने आदल्या दिवशी जुन्नर आगाराकडे घाटघरच्या परतीच्या गाडीची चौकशी करून ठेवावी. शाळांच्या सुट्टीत आणि भर पावसात ह्या बाजूच्या फेऱ्यांच्या वेळा बदलतात.